मागच्या सीटचं वजन

"पीछे कितने लोग बैठते हैं, बाबूजी?" स्प्रिंगवाल्यानं विचारलं. बाबांनी जराही न थांबता सांगितलं, "तीन. सामान अलग."

मी बाबांकडे बघतच राहिले. आमच्या जीपमध्ये मागे कोणीच बसत नाही. चालवायला मी, शेजारी बाबा, झालं. भाऊ बंगळुरूला असतो. वर्षातून एकदा बायकोला घेऊन येतो तो टॅक्सीनं, कारण जीपचं नाव काढलं तरी वहिनीला मळमळतं. आणि आई मागच्या हिवाळ्यात गेली. हे तीन कोण, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं, पण दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. मी गप्प बसले. मी शाळेत गणित शिकवते आणि चुकीची बेरीज कानावर पडली की गप्प बसणं मला फार जड जातं.

वर्कशॉप भोपाळच्या हबीबगंज नाक्याच्या पलीकडे होतं. स्टेशनचं नाव बदललं त्याला काही वर्षं झाली, पण आमच्या तोंडातून अजून हबीबगंजच निघतं. आत भिंतीला टेकवून स्प्रिंगा उभ्या होत्या. जुन्या जीपची स्प्रिंग म्हणजे वेटोळं नव्हे. पोलादाच्या लांब, वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक ठेवून मधोमध आवळलेल्या असतात. पट्ट्यांना बाक जास्त दिला की गाडी उंच उभी राहते. पट्ट्या वाढवल्या की स्प्रिंग कडक होते आणि जास्त वजन पेलते. आम्हाला गाडी उंच हवी होती, कारण आम्ही तिला मोठे टायर घातले होते आणि ते मडगार्डला घासत होते. तेवढ्यापुरतं काम सोपं होतं. पट्ट्या किती घ्यायच्या, हे मात्र गाडीत नेहमी किती वजन असतं त्यावर ठरतं. वजनाच्या मानानं स्प्रिंग नरम पडली तर गाडी खाली बसते आणि टायर पुन्हा घासतात. कडक झाली तर ती वाकतच नाही, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट बसणाऱ्याच्या पाठीत शिरतो.

बाबांना हे कळत नव्हतं असं अजिबात नाही. आदल्या संध्याकाळी माझ्याच शाळेच्या फूटपट्ट्या एकावर एक धरून त्यांनीच मला हे समजावलं होतं. आणि प्रश्न त्यांच्याच पाठीचा होता. त्यांच्या कण्याचा एक मणका दबलाय. उठता-बसता कमरेला पट्टा लागतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की लांबचा प्रवास करायचाच असेल तर या वर्षी करा, गाडी धक्के देणारी नको, आणि पुढच्या वर्षाचं मला विचारू नका. बाबांना एकदा कॅम्पवर जायचं होतं. स्प्रिंग चुकली असती तर ते जाणं कायमचं राहून गेलं असतं.

कॅम्प म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी, इटारसीच्याही पुढे, एका नदीच्या काठची जागा. राजधानी हलली तेव्हा आजोबा नागपूरहून सरकारी ऑफिसांबरोबर भोपाळला आले, आणि बाबा इथल्या इरिगेशनमध्ये इंजिनिअर झाले. लग्नानंतरची पहिली वर्षं आईबाबांनी धरणासाठीच्या त्या सर्वे कॅम्पवर काढली. पत्र्याची एक खोली, बाहेर चूल, आणि खाली नदी. काठच्या खडकावर पाण्याची उंची मोजायला रंगानं खुणा केल्या होत्या. खुणा वाचणारा माणूस तापानं पडला की आई सकाळ-संध्याकाळ खाली उतरून त्या वाचायची आणि वर येता येता ओरडून बाबांना आकडा सांगायची. खात्यात न लागता मी खात्याची नोकरी केली, असं ती पुढे आयुष्यभर ऐकवत राहिली. धरण शेवटी दुसरीकडेच झालं, त्यामुळे ती जागा पाण्याखाली गेली नाही.

आईच्या आजारपणाच्या आधी आम्ही तिघं तिथं जायला निघालो होतो. जीप बाबांनी निवृत्तीनंतर खात्याच्या लिलावात घेतलेली. मी चालवत होते, बाबा शेजारी, आणि आई तिच्या नेहमीच्या जागी, मागे डाव्या बाजूला, मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन. शेवटच्या कच्च्या वाटेवर एक खडक आडवा पसरला होता. जीपचं पोट त्यावर टेकलं आणि चाकं नुसती फिरत राहिली. कसंबसं मागे काढून आम्ही परत आलो. आई हसत म्हणाली, "पुढच्या वेळी हिला पंख लावून आणा." बाबांनी पंखांऐवजी मोठे टायर लावले. पण टायर येईपर्यंत आईचं पोट दुखायला लागलं होतं, आणि ते टायर फिरले ते फक्त घर ते हॉस्पिटल. गतिरोधक आला की मागचं चाक मडगार्डला खर्रकन घासायचं. आई मागून म्हणायची, "ओरडली बघा तुमची लाडकी." पुढे पुढे तेही तिला बोलवेना.

ती गेल्यावर बाबा रडले नाहीत. तिच्याबद्दल बोललेही नाहीत. फोनवर कोणी "वहिनी कशा आहेत?" असं न कळून विचारलं की ते फोन माझ्या हातात द्यायचे आणि आतल्या खोलीत निघून जायचे. सांगायचं काम माझं. नातेवाईकांना, बँकेला, गॅसवाल्याला, बिट्टन मार्केटमध्ये तिला नेमानं मेथी देणाऱ्या बाईला, सगळ्यांना मीच सांगितलं. कधीकधी वाटायचं, आई फक्त माझी गेली की काय. मला त्याचा राग यायचा, आणि तो राग काढायला घरात बाबांशिवाय कोणी नव्हतं.

आमच्या घरात सगळ्याच गोष्टी गरजेपेक्षा मजबूत आहेत. कपडे वाळत घालायच्या तारेला म्हैस बांधता येईल. लोणच्याच्या बरण्यांची फळी भूकंपातही हलणार नाही. बाबा कोणतीही वस्तू करताना आधी जास्तीत जास्त भार धरतात आणि वर थोडा वाढवतात. तो खात्याचा शिरस्ता, त्यांच्या हाडात मुरलेला. आई म्हणायची, यांना पापड भाजायला सांगितले तर आत सळ्या घालतील. म्हणून दुकानात मी स्वतःची समजूत घातली की तीन माणसं हा बाबांचा नेहमीचा हिशेब असेल. मागे तीन सीट, म्हणून तीन माणसं. मी मान डोलावली आणि कडक स्प्रिंगा बसल्या.

गाडी दिसायला झकास झाली. टायर आणि मडगार्डमध्ये आता हात जाईल एवढी जागा होती. ती इतकी उंच झाली की बाबांना चढताच येईना. तिथल्याच एका खोक्यावरून ते चढले; पुढे त्यासाठी मी आईचं स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल वापरायला लागले. वर्कशॉपमधून निघालो आणि पहिल्याच गतिरोधकावर मला कळलं. जीप वाकली नाहीच. ती आख्खी उचलली गेली आणि आख्खी आपटली. बाबांनी समोरचा दांडा धरला. नेहरू नगरच्या आमच्या घरापर्यंत त्यांनी तो सोडला नाही, बोटं पांढरी पडली होती. मी जमेल तितकी हळू चालवत होते आणि मागून हॉर्नवर हॉर्न वाजत होते.

घरी आल्यावर ते आडवे झाले ते कित्येक दिवस उठले नाहीत. मी गरम पाण्याची पिशवी भरून त्यांच्या पाठीखाली सरकवली आणि मग मला राहवलं नाही.

"बाबा, मागे कोणी बसत नाही. तुम्ही त्याला तीन का सांगितलं?"

"चिडू नको ना."

"मी चिडलेले नाही."

"कान लाल झाले तुझे."

हे आईचं वाक्य होतं. मी चिडले की ती माझ्या कानांवरून ओळखायची. त्यांच्या तोंडून ते ऐकून मी आणखीच भडकले. "मागच्या दोन-तीन पट्ट्या काढायला सांगते उद्या. गाडी नरम होईल."

"नाही." ते छताकडे बघत म्हणाले, "स्प्रिंग बरोबर आहे. लोड नाही गाडीत, म्हणून असं होऊन राहिलं."

"लोड येणार कुठून? आई नाही आहे, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. झोप लागलेली नव्हती हे मला दिसत होतं. मी दार आपटून बाहेर आले आणि मग बराच वेळ उगाच भांडी घासत बसले.

जरा चालता-फिरता यायला लागल्यावर एका सकाळी ते अंगणात काहीतरी करताना दिसले. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून त्यांनी वाळू मागून आणली होती. एक रिकामं पोतं, एक मग, आणि बाथरूममधला वजनकाटा. मला लगेच कळलं. नवा पूल बांधून झाला की त्यावर वाळूची पोती रचतात आणि तो किती वाकतो ते मोजतात. त्यांनी नोकरीत कितीतरी पुलांवर हे केलं होतं. आता ते जीपचं करणार होते. बाहेरचा माणूस असता तर मी हसले असते.

पण तो काटा आम्ही आईसाठी आणला होता. डॉक्टर दर आठवड्याला तिचं वजन विचारायचे. बाबा तिला हाताला धरून काट्यावर उभं करायचे आणि वाकून आकडा वाचायचे, आणि दर आठवड्याला तो आधीपेक्षा कमी असायचा. शेवटी शेवटी त्यांनी तो मोठ्यानं वाचणं बंद केलं होतं.

आता पोतं काट्यावर होतं आणि बाबा मगानं वाळू घालत होते. पाठ वाकवता येत नव्हती, म्हणून गुडघ्यावर बसून. मग ओतायचा, थांबायचं, चष्मा सावरून काटा बघायचा. काटा वर चढत होता. मी तो वर चढताना पहिल्यांदाच पाहत होते. थोडा पुढे गेला तेव्हा त्यांनी अर्धा मग वाळू परत काढली.

"किती हवंय?" मी विचारलं.

"आजारपणातलं नाही," ते म्हणाले. "आधीचं."

मी पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं. आम्हा दोघांना ते उचलणं शक्य नव्हतं. मी शेजारच्या बांधकामावरच्या माणसाला बोलावलं आणि पोतं जीपमध्ये चढवलं. कुठे ठेवायचं हे त्यानं विचारलं नाही, पण बाबांनी सांगितलं. मागे, डाव्या बाजूला. भावाच्या आणि वहिनीच्या नावाची पोती त्यांनी भरली नाहीत.

खरं सांगते, गाडी सुधारली. पुरती नाही, पण मागची स्प्रिंग थोडी तरी वाकायला लागली. बाबांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी समाधान दिसलं. "बघ," ते म्हणाले, "म्हटलं होतं ना." कॉलनीतल्या लोकांनी पोत्याबद्दल विचारलं की ते गाडीच्या चाचणीबद्दल सविस्तर सांगायचे. मी भाजी आणायला निघाले तरी पोतं आमच्याबरोबर यायचं. एकदा मी ते काढून ठेवायचं म्हटलं, तर ते म्हणाले, "राहू दे ना. तुला काय त्रास आहे?" मला त्रास होता. आरशात मागचं बघायला गेलं की तिथं एक पोतं बसलेलं दिसायचं. पण ते नीट जेवत होते, आणि कॅम्पवर जायचा दिवस ठरवू या म्हणत होते. मी सहन केलं.

लांब जाण्याआधी खडकाळ वाटेवर एकदा बघून घेऊ, म्हणून एका रविवारी मी गाडी केरवा धरणाच्या बाजूला नेली. डांबरी रस्ता सोडून एक दगडांची वाट धरली. गाडी छान चढत होती. टायर कुठेही घासत नव्हते. बाबा दांडा न धरता बसले होते. मग एक चर आला, फार खोल नव्हता. डावं चाक त्यात उतरलं, गाडी कलली, आणि मागे धप्पकन आवाज झाला. पोतं सीटवरून खाली पडलं होतं.

बाबा गर्रकन वळले. ज्या माणसाला अंथरुणात कूस बदलायला माझा हात लागतो, तो माणूस पट्ट्यासकट मागे वळला, हात लांब केला आणि म्हणाला, "लागलं का गं?"

मी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. बाबांचा हात तसाच मागे होता, पोत्यावर. सुतळी सुटून थोडी वाळू खाली सांडली होती. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, समोर काचेतून बघत राहिले, कारण बघितलं असतं तर त्यांना कुठे जायला जागा उरली नसती. कितीतरी वेळानं ते हळूहळू सरळ झाले. तळहाताला लागलेली वाळू त्यांनी पँटवर पुसली. आणि मग ते रडायला लागले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. वर्षभर मी या रडण्याची वाट पाहत होते, त्यावरून मी मनातल्या मनात त्यांच्याशी किती भांडले होते. आता ते आलं तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं की यांचं थांबावं, यांची पाठ दुखेल. मी त्यांचा हात धरून बसले.

"उद्या त्या स्प्रिंगवाल्याकडे चल," नेहरू नगरच्या वळणावर ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये मी मुद्दाम मागे उभी राहिले. स्प्रिंगवाल्यानं गाडी ओळखली. "क्या हुआ बाबूजी, सख़्त लग रही है?"

"हाँ. पीछे की पट्टियाँ कम करनी हैं."

"उस दिन तो आपने तीन सवारी बोली थीं."

"ग़लत बोला था," बाबा म्हणाले. "पीछे कोई नहीं बैठता. मैं और मेरी बेटी, बस."

त्यानं गाडी जॅकवर घेतली, मागच्या स्प्रिंगा उतरवल्या, पट्ट्या सोडवल्या, काही काढून पुन्हा आवळल्या. गाडी किंचित खाली आली, पण टायरला जागा भरपूर उरली. काढलेल्या पट्ट्या त्यानं पुसून बाबांपुढे ठेवल्या. "ये साथ ले जाइए. कभी लोग बढ़ जाएँ तो वापस डाल देंगे."

"लोग नहीं बढ़ेंगे," बाबा म्हणाले. "मेरी पत्नी नहीं रहीं. पिछली सर्दियों में."

ते वाक्य मी इतक्या जणांना सांगितलं होतं की मला ते पाठ झालं होतं. बाबांच्या तोंडून ते पहिल्यांदाच बाहेर पडत होतं, एका अनोळखी माणसापुढे, हिंदीत. स्प्रिंगवाल्यानं हातातला पाना खाली ठेवला. "अल्लाह आपको सब्र दे," तो म्हणाला, आणि बाबांसाठी खुर्ची पुसून पुढे सरकवली. बाबा तिथं चहा होईपर्यंत बसले आणि त्याला आईबद्दल सांगत राहिले, खडकावरच्या खुणांबद्दलही. मला माहीत नसलेल्या दोन गोष्टी मी त्या दिवशी ऐकल्या.

पोतं रिकामं करायला त्यांनी मला हात लावू दिला नाही. जसं भरलं तसंच मगानं काढलं. थोडी वाळू आईच्या कढीपत्त्याच्या आणि मोगऱ्याच्या कुंड्यांत गेली, उरलेली फाटकापाशी चिखल होतो तिथं पसरली.

थंडी सुरू झाली तेव्हा आम्ही निघालो. गाडी आता रस्त्याबरोबर वरखाली व्हायची, पण आपटायची नाही. नर्मदेचा पूल आला तेव्हा बाबांनी हात जोडले. इटारसीला चहा घेतला. मागच्या सीटवर डाव्या बाजूला आईचं स्टूल होतं, चढ-उतारासाठी. कच्च्या वाटेवर तो खडक तसाच आडवा होता. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि हळू हळू वर घेतली. पुढची चाकं चढली, मग मागची, आणि पोट कुठेही टेकलं नाही. पलीकडे उतरल्यावर बाबांनी मला थांबायला सांगितलं. ते मागे वळून त्या खडकाकडे बघत राहिले. "एवढंच हवं होतं तेव्हा," ते म्हणाले.

कॅम्पवर पत्र्याची खोली उरलेली नव्हती. नुसता दगडी चौथरा होता आणि त्यावर गवत. नदी खाली होती, पाणी कमी, स्वच्छ. मी स्टूल ठेवलं, बाबा त्यावरून उतरले. मी हात पुढे केला तर म्हणाले, "थांब, जमतं." काठी टेकत ते उतारापर्यंत गेले. खडकावरचा रंग बहुतेक धुऊन गेला होता, पण नीट बघितलं तर एखाद-दुसरी खूण दिसत होती. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि पाणी कोणत्या खुणेला लागलंय ते वाचायचा प्रयत्न केला. एक आकडा ते हळूच पुटपुटले.

मग ते नदीकडे बघत, आईशी बोलायचे त्या साध्या आवाजात म्हणाले, "आलो गं. एकटाच आलो."

इथवर गाडी मी आणली होती. त्यांच्यामागे हातभर अंतरावर, त्यांचं स्टूल काखेत धरून मी उभी होते. एकटाच, हे ऐकून एरवी माझं डोकं फिरलं असतं. तिथं मला राग आला नाही.